छायाचित्रातला विंचू

कला शाखेच्या विद्यार्थिनीने विंचवांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. आम्हां मराठीच्या विद्यार्थ्यांची विंचवाशी ओळख एकनाथांच्या ‘विंचू चावला’ या भारुडातून झालेली. आणि तिथला विंचू रूपकातला. परंतु कोकणात राहणाऱ्याला रूपकाबाहेरचा विंचूही भेटतोच. जांभ्याच्या चिऱ्यांच्या ढिगात, लाकडांच्या मोळीत, कौलांच्या सांदीत, पेंढ्यात, आणि कधी पायताणातसुद्धा. गेली तीन वर्षे मी मोबाईलवर विंचू आणि प्रार्थनाकीटक यांची छायाचित्रे काढते व त्यांची नावे शोधते. या छंदात जे शिकले त्यापेक्षा जे चुकले ते अधिक सांगण्यासारखे आहे, म्हणून हा लेख.

ती चूक आधी सांगून टाकते. गेल्या वर्षी ऑक्टोबरात, भातकापणीच्या दिवसांत, रात्री साडेआठच्या सुमारास लांजा तालुक्यातल्या माझ्या आतेभावाचा फोन आला. त्याच्या सात वर्षांच्या मुलाला अंगणात विंचू डसला होता. विंचू चपलेने मारला होता, आणि त्याचा फोटो त्याने मला पाठवला. “बाय, तुला कळतं ना यातलं? कुठला हाय बघ.” ‘तुला कळतं ना’ या शब्दांनी माणूस किती फुगतो ते तेव्हा कळले नाही. फोटो ओसरीवरच्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला, थोडा हललेला. विंचू ठेचलेला, शेपूट अंगाखाली दबलेली. रंग काळपट दिसत होता. मी दोन मिनिटांत उत्तर दिले : “दादा, इंगळी आहे. आपली काळी. दुखेल खूप, पण घाबरू नकोस. जागा धुऊन थंड पाण्याची घडी ठेव.”

तासाभराने पुन्हा फोन आला. मुलाला दरदरून घाम सुटला होता, दोनदा उलटी झाली होती आणि हातपाय बर्फासारखे गार पडले होते. विशेष म्हणजे डसलेली जागा आता फारशी दुखत नाही, असे तो म्हणत होता. शेजाऱ्याच्या रिक्षातून त्याला रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी विंचवाचा फोटो पाहिलाच नाही. मुलाचे तळवे हातात धरून पाहिले, कपाळावरचा घाम पाहिला, नाडी व रक्तदाब पाहिला आणि औषध सुरू केले. मुलगा तिसऱ्या दिवशी घरी आला. दादाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. माझ्या ‘ओळखी’मुळे मात्र एक तास फुकट गेला होता.

आता मुळात छायाचित्रावरून विंचू ओळखता येतो का? काही प्रमाणात येतो. आपल्याकडे इंगळी आणि तांबडा विंचू असे दोनच प्रकार सर्रास सांगितले जातात. इंगळी म्हणजे तो मोठा, काळा किंवा हिरवट काळा, बिळात राहणारा विंचू. त्याच्या नांग्या खेकड्यासारख्या रुंद व फुगीर, आणि त्या मानाने शेपूट बारीक. तांबड्या विंचवाचे याच्या उलट : नांग्या लांबट, सडपातळ, आणि शेपटीची पेरे जाड, कडांवर उठावदार रेषा असलेली. ‘नांगी जाड तर विष सौम्य, शेपूट जाड तर विष जहाल’ असा एक ठोकताळा त्यावरून निघाला आहे. तो बराचसा खरा आहे, पण ठोकताळाच आहे. माझ्या त्या फोटोत शेपूट दबलेली होती, आणि नांग्यांपैकी एक तुटलेली व दुसरी चपलेने चपटी झालेली. म्हणजे ज्या दोन अवयवांवरून निर्णय करायचा तेच नव्हते. उरला तो रंग, आणि मी रंगावरून नाव दिले.

रंगासारखा फसवा पुरावा नाही. आपला तांबडा विंचू पिवळसर नारिंगीपासून गडद तपकिरीपर्यंत कोणत्याही छटेचा असू शकतो. नुकतीच कात टाकलेला असेल तर फिकट दिसतो. पिवळ्या दिव्याखाली, मोबाईलच्या कॅमेऱ्यात, ओल्या दगडावर तो काळासुद्धा दिसतो. आकारमानाचेही तेच. शेजारी काही ठेवलेले नसेल तर पाच सेंटिमीटरचा विंचू आणि बारा सेंटिमीटरचा विंचू चित्रात सारखाच भासतो.

शास्त्रज्ञ विंचू कसा ओळखतात हे वाचू लागले तेव्हा माझा ताठा पार उतरला. भारतातल्या विंचवांचा पहिला मोठा धांडोळा आर. आय. पोकॉक यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतल्या १९०० सालच्या खंडात घेतला. त्यानंतर ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षांनी, १९८३ मध्ये, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने बी. के. टिकादर आणि डी. बी. बस्तावडे यांचा विंचवांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथांत ‘काळा’ किंवा ‘तांबडा’ या शब्दांवर कोणी थांबत नाही. पोटाखाली, पायांच्या मुळांमध्ये जी लहानशी पट्टी असते (तिला उरोस्थी म्हणू) ती त्रिकोणी आहे की पंचकोनी, हे आधी पाहतात. तांबडा विंचू ज्या बुथिडी कुलातला, त्यात ती सामान्यतः त्रिकोणी असते. इंगळीच्या कुलात पंचकोनी. त्या पट्टीच्या मागे कंगव्यासारखे दोन अवयव असतात, त्यांचे दात मोजतात. नराचे दात बहुधा मादीपेक्षा अधिक. पाठीच्या प्रत्येक खंडावर उठावाच्या रेषा एक आहे की तीन, हे पाहतात. तांबड्या विंचवाच्या प्रजातीत त्या तीन असतात. विषाच्या कुपीवर, काट्याच्या बुडाशी, आणखी एक छोटा उंचवटा आहे का, तेही पाहतात. शेवटी नांगीच्या हातांवरचे अतिसूक्ष्म संवेदी केस कुठे व किती आहेत त्याचा नकाशाच काढतात. या केसांची मोजणीची पद्धत मॅक्स व्हाशों या फ्रेंच संशोधकाने १९७० च्या दशकात बसवून दिली, ती अजून चालते.

यांतले किती आपल्या मोबाईलच्या चित्रात येते? वरून काढलेल्या फोटोत उरोस्थी नाही, कंगवा नाही, केस तर नाहीतच. पाठीच्या रेषा मात्र चांगल्या प्रकाशात दिसतात, आणि शेपूट बाजूने टिपली तर काट्याखालचा उंचवटाही दिसतो. तेवढ्यावरून घरात आढळणारा लहान, ठिपकेदार आयसोमेट्रस मॅक्युलेटस ओळखायला मदत होते. त्याच्या काट्याखाली हा उंचवटा असतो, आणि नराची शेपूट अंगाच्या मानाने विलक्षण लांब असते. हा विंचू जहाजांतून बंदरोबंदरी जगभर पसरलेला आहे. फिरस्ता म्हणावा असा.

अतिनील प्रकाशाची विजेरी आता स्वस्तात मिळते. रात्री सड्यावर तिचा झोत टाकला की विंचू निळसर हिरवा चमकतो. त्याच्या कवचातल्या काही द्रव्यांमुळे हे घडते. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही. उलट संग्रहालयातले जुने नमुनेसुद्धा चमकतात. या प्रकाशात काढलेल्या चित्रात रंग पूर्ण नाहीसा होतो, पण अंगावरचे दाणे आणि रेषा स्पष्ट उठून येतात. माझ्या अनुभवाने एकच विंचू दिवसाच्या सावलीत एकदा व या विजेरीखाली एकदा टिपला तर निम्मी कटकट वाचते. पावसाळ्यानंतर सड्यावर हे करताना पायांत बूट हवेतच, आणि दगड उचलायचा तर आपल्या बाजूची कड वर करायची नाही, पलीकडची करायची. म्हणजे खालचा प्राणी निसटला तरी आपल्याकडे येत नाही. ही युक्ती मला चिरेखाणीवरच्या एका म्हाताऱ्या कामगाराने शिकवली, कोणत्या पुस्तकाने नव्हे.

काही प्राणी विंचू नसूनही आमच्याकडे विंचू म्हणून फोटोत येतात. शेतातल्या पाण्यातला पाणविंचू हा कीटक. त्याच्या मागची ‘शेपूट’ म्हणजे श्वास घेण्याची नळी. आणि पावसाळ्यात दिसणारा तो काळा प्राणी, ज्याला शेपटीच्या जागी चाबकासारखा बारीक दोरा असतो, त्याच्याजवळ विषाचा काटा नसतोच. डिवचला तर आंबट, शिरक्यासारख्या वासाचा फवारा सोडतो. असे दोन-तीन फोटो दरवर्षी मला घाबऱ्याघुबऱ्या प्रश्नांसह येतात, आणि तेवढ्यापुरती तरी मी निःशंक उत्तर देऊ शकते.

नावांचा इतिहासही मजेदार आहे. आपल्या तांबड्या विंचवाला फाब्रिसियस याने १७९८ मध्ये ‘टॅम्युलस’ हे नाव दिले. पुढे तो बुथस झाला, मग मेसोबुथस, आणि आता हॉटेन्टोटा टॅम्युलस. जुन्या वैद्यकीय लेखांत पहिली दोन नावे आढळतात, म्हणून वाचणाऱ्याला तीन वेगळे विंचू असल्याचा भास होतो. पोकॉकने याच विंचवाच्या कोकणातल्या प्रकाराला ‘कोंकणेन्सिस’ असे उपनाव दिले होते. आपल्या मुलखाचे नाव एका विंचवाला मिळावे, याचा अभिमान बाळगावा की नाही ते वाचकांनी ठरवावे! इंगळीच्या नावाचीही उलथापालथ झाली. ज्या जातींना आपण वर्षानुवर्षे हेटेरोमेट्रस म्हणत होतो, त्यांची २०२० मध्ये फेरतपासणी झाली आणि दख्खनच्या बाजूच्या अनेक जाती डेक्कनोमेट्रस या नव्या प्रजातीत गेल्या. त्यांतल्या एकीचे नाव ‘फिप्सोनी’. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या काळातले चिटणीस एच. एम. फिप्सन यांच्यावरून ते आले. २०१९ मध्ये तर दख्खनच्या पठारावरच्या एका नव्या जातीचे शास्त्रीय नावच ‘हॉटेन्टोटा विंचू’ असे ठेवण्यात आले. आपला मराठी शब्द असा जगाच्या यादीत जाऊन बसला. आणि २०२० साली आंबोली व ताम्हिणी यांची नावे मिळालेल्या आयसोमेट्रसच्या दोन जाती तर बाहेरून इतक्या सारख्या दिसणाऱ्यांपैकी आहेत, की त्या वेगळ्या ठरवायला बारीक मोजमापांच्या जोडीला जनुकीय तपासणी करावी लागली. अशा ठिकाणी फोटोवरून नाव सांगणाऱ्याने गप्प बसणे उत्तम.

पण माझ्या आतेभावाचा प्रश्न नावाचा नव्हताच. तो विचारत होता, ‘माझ्या पोराला धोका आहे का?’ मी मात्र उत्तर दिले ते नावाचे. या प्रश्नाचे खरे उत्तर शोधण्याचे काम आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात झाले आहे. रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. त्या काळी कोकणात विंचूदंशाने गंभीर झालेल्या रुग्णांतले शंभरात तीस ते चाळीस दगावत. त्यांत मुले फार. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांची तपशीलवार नोंद केली. भरपूर घाम, उलट्या, लाळ, गार पडलेले हातपाय, मग वाढलेला रक्तदाब, आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरून मृत्यू. त्यांचा या पूर्वलक्षणांवरचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा त्यांनी वापर केला आणि १९८६ मध्ये त्यावरचा लेखही तेथेच आला. या उपचाराने मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे औषध काम कसे करते ते थोडक्यात सांगते, कारण त्यात माझ्या चुकीचेही उत्तर आहे. तांबड्या विंचवाचे विष मज्जातंतूंमधले सोडियमचे दरवाजे उघडे ठेवते. तंतू सतत चेतवले जातात, आणि शरीरात ॲड्रिनलीनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार; हृदयावर अतोनात भार येतो, म्हणून फुप्फुसांत पाणी. प्राझोसिन रक्तवाहिन्यांवरची नेमकी ती कळ बंद करते. हाफकिन संस्थेने तांबड्या विंचवाविरुद्ध प्रतिविषही तयार केले; प्राझोसिनच्या जोडीला ते दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे बावस्कर दांपत्याने २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवले. म्हणजे वेदना किती, यावरून धोका मोजता येत नाही. नुसती ठणकणारी जागा व बाकी सर्व ठीक, असा रुग्ण पुष्कळदा बरा असतो; आणि ‘आता दुखत नाही’ म्हणणारा, घामाने भिजलेला गार मुलगा संकटात असतो. डॉक्टरांनी माझ्या पुतण्याचे तळवे आधी का धरले, ते मला हे वाचल्यावर उमगले. तेव्हापासून कोणीही दंशानंतर फोटो पाठवला की मी एकच विचारते, “घाम आहे का? उलटी? हातपाय गार?” आणि उत्तर काहीही असो, मूल असेल तर रुग्णालयात न्या असे सांगते. विंचवाचे नाव नंतर.

प्रार्थनाकीटकांच्या बाबतीत असा जीवघेणा प्रश्न नाही. नाव चुकले तर कोणाचे बिघडत नाही, त्यामुळे शिकायला हा प्राणी अधिक सोयीचा. आंब्याच्या फांदीवर, घराच्या दिव्याभोवती, झेंडूच्या वाफ्यात तो सहज मिळतो. याच्याही बाबतीत रंग फसवतो; एकाच जातीत हिरवे व तपकिरी दोन्ही असतात. डोळे त्याहून फसवे. फोटोत त्याच्या डोळ्यांत काळा ठिपका दिसतो आणि तो कॅमेऱ्याकडेच पाहतो असे वाटते. प्रत्यक्षात तो ठिपका म्हणजे बाहुली नव्हे; आपण ज्या दिशेने पाहतो, त्या दिशेच्या नेत्रिका प्रकाश शोषतात म्हणून तिथे काळे दिसते. रात्री तर त्याचे पूर्ण डोळे गडद होतात. मी पहिल्या वर्षी ‘काळ्या डोळ्यांची जात’ म्हणून एक वेगळी नोंद केली होती. तोच कीटक सकाळी हिरव्या डोळ्यांनी त्याच कुंडीवर बसलेला दिसला, तेव्हा ती खोडली.

पंख पूर्ण नसतील तर ते पिल्लू, आणि पिल्लाची जात सांगण्याच्या फंदात पडू नये. प्रौढ असेल तर पोटाखालून पाहून नरमादी कळते : मादीला खालच्या बाजूस सहा पट्ट दिसतात, नराला आठ. मोठे, हिरवे, पंखाच्या कडेजवळ पांढरट ठिपका असलेले जे आपल्याकडे दिसतात ते बहुधा हायरोड्यूला प्रजातीतले. पण त्यांतली जात ठरवायला पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचे रंग, ठिपके व काटे पाहावे लागतात, आणि तो पाय तर तो प्रार्थनेसाठी मिटून बसलेला! थोडे डिवचल्यावर तो पाय उघडून धमकावतो, तोच क्षण टिपायचा. फुलांवरच्या लहानग्या क्रिओब्रोटरच्या पंखावर डोळ्यासारखी नक्षी असते, त्यावरून प्रजाती लगेच कळते, जात नाही. सुक्या पानासारखा, लांब मानेचा, सारंगीसारखा दिसणारा गोंगिलस मात्र फोटोवरून चुकण्यासारखा नाही. तो लिनियसलाही माहीत होता, १७५८ मध्ये. आणि गवताच्या काडीसारखा बारीक शिझोसेफाला एकदा दिसला की विसरत नाही. अडचण एवढीच, की तो दिसतच नाही.

ज्यांना फोटो काढायचे असतील त्यांच्यासाठी एवढेच. वरून पूर्ण प्राणी एकदा, बाजूने एकदा, नांगी किंवा पुढचा पाय जवळून एकदा. शेजारी, पण सुरक्षित अंतरावर, रुपयाचे नाणे. विंचू काचेच्या बरणीत असेल तर बरणीच्या तळाखालून उरोस्थी व कंगवाही मिळतात. माझी सर्वांत उपयोगी चित्रे अशीच मिळाली आहेत. प्रकाश दिवसाच्या सावलीतला. आणि तारीख, गाव, तो कशाखाली सापडला हे वहीत लगेच लिहावे. दोन महिन्यांनी आठवत नाही. माझ्या वहीत आजमितीस विंचवांच्या एकेचाळीस नोंदी आहेत. त्यांतल्या नऊंपुढे जातीचे नाव आहे, उरलेल्यांपुढे प्रजाती किंवा नुसते प्रश्नचिन्ह.

दिवाळीत लांज्याला गेले तेव्हा पुतण्याने काड्यापेटी आणून माझ्यापुढे धरली. आत कापसावर तोच विंचू, सुकलेला. दादाने फेकून दिला होता, याने केरातून उचलून ठेवला होता. मी तो अंगणात, उन्हाच्या कडेला नेऊन भिंगाखाली पाहिला. नांगी सडपातळ. पाठीवर तीन रेषा. काडीने उलटा केला : उरोस्थी त्रिकोणी. आणि रंग, त्या रात्री मला काळा दिसलेला, विटेसारखा तांबूस तपकिरी. मी वहीत ‘हॉटेन्टोटा, बहुधा टॅम्युलस’ असे लिहिले आणि नमुना महाविद्यालयात न्यावा म्हणून पेटी पिशवीत टाकू लागले.

“आत्या, ती माझी हाय,” तो म्हणाला, आणि हात पुढे केला.